प्रतिसाद: ताडपत्री गुंडाळू नका, वळचण वाढवा

पावसासाठी खुराडं चारी बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळलं आणि कोंबड्या शिंकायला लागल्या, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक विष्ठेतून सुटून आत कोंडलेल्या अमोनिया वायूचा त्रास आहे. खाली बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या; डोळे चुरचुरले की समजा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसात ताडपत्री फक्त पश्चिमेला लावा, तीही वरची वीतभर पट्टी उघडी ठेवून. पत्रा भिंतीपुढे 3 फूट काढला की झड आत येत नाही. समोरासमोरच्या दोन्ही लांब भिंतींना वळचणीखाली जाळी हवी. बसायची काठी जाळीच्या फूटभर खाली घ्या, नाहीतर रात्रभर वारा अंगावर. काठीवर एका कोंबडीला 8-10 इंच, आत 3-4 चौरस फूट. जमिनीवर भाताचं तूस 3-4 इंच. भिजून गोळे झालेलं त्याच दिवशी काढा.

बाकी षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला अडवत नाही. अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली ताठ जाळी) घ्या. तळाशी ती दीड फूट बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरून वर माती-दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं आणि तिथं त्याला जाळीच लागते. दाराच्या कडीत खिळा अडकवा, नुसती कडी कुत्रं धडका देऊन उघडतं.