कलमे पाठ करावीत की कुठे सापडतात तेवढे जाणावे?

विधी शाखेचा विद्यार्थी, सदर
मी तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षात आहे. पहिल्या वर्षी भारतीय दंड संहितेची कलमे मी अक्षरशः घोकली. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे कलम १०३ झाले, तर शिवीसारखे रुळलेले चारसोबीस ३१८(४) मध्ये जाऊन बसले. अभ्यासिकेतले मित्र म्हणतात, बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा टीपांविना मूळ मजकूर, मोबाइलवर असताना पाठांतर करणे म्हणजे वेळ दवडणे होय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वकील, सिव्हिल लाइन्स
आपली मेहनत पुरती वाया गेलेली नाही, कारण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू असल्याने ३०२ हा आकडा न्यायालयात अजून बरीच वर्षे ऐकू येईल. तरीही आकड्यापेक्षा घटक पाठ असावेत, असे माझे मत आहे. चोरी ३७८ वरून ३०३ वर गेली, पण जंगम मालमत्ता, अप्रामाणिक हेतू, दुसऱ्याचा ताबा, संमतीचा अभाव आणि वस्तू हलवणे हे सारे होते तेथेच आहे.

काही गोष्टी मात्र तोंडपाठच हव्यात. आरोपी कोठडीत असताना ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक कारावासाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, तपास पूर्ण झाला नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. परंतु अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले की तो हक्क गेला. ही तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) मध्ये आहे, हे पुस्तक उघडून मिनिटभरात कळेल. पण असा हक्क आहे हेच ज्याच्या डोक्यात नाही, तो एकसष्टाव्या दिवशी पुस्तक उघडणार तरी कशासाठी?

निवृत्त शिक्षिका, महाल
आमच्या पिढीने पावकी-निमकीही, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढेही, म्हटली, ती आज कोणी म्हणावी असा माझा आग्रह नाही. पण सात आठे छप्पन्न ज्याला शोधावे लागते, त्याचे लक्ष भागाकारावर राहत नाही. दुसरे असे की, घोकणे आणि आठवणे यांत फरक आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले, तर आठवडाभराने, मजकूर न पाहता आठवून लिहिलेल्यांना अधिक स्मरत होते. तेव्हा बाळा, पुस्तक मिटून लिहीत जा.

विधी शाखेचा विद्यार्थी, सदर
आभारी आहे. बाईंचे ऐकून काल चोरीचे घटक पुस्तक मिटून लिहिले. चारच आठवले, 'हलवणे' राहिले. मुदतींची वेगळी वही आज सुरू केली आहे. दिवाणी दाव्यात प्रतिवादीच्या लेखी कैफियतीचे, म्हणजे उत्तराचे, ३० दिवस आणि न्यायालयाच्या परवानगीने ९० पर्यंत, हेही त्यात घ्यावे ना, सर?

वकील, सिव्हिल लाइन्स
अवश्य. पहिल्याच पानावर.