वांद्रं पायी पायी: राहणाऱ्यांनी आणि फिरणाऱ्यांनी आपले अनुभव लिहा

वांद्रे पश्चिम म्हटलं की बोलणं दोनच दिशांना जातं. नटनट्यांचे बंगले, नाहीतर नवा कॅफे कुठे उघडला. मी हिल रोडच्या दक्षिणेला, चॅपल रोडच्या एका आतल्या गल्लीत भाड्याने राहते आणि मला वाटतं, या भागाची खरी ओळख चालताना होते. गाडीतून दिसतो तो फक्त ट्रॅफिक. तुम्ही इथे राहत असाल, राहिला असाल, कामाला येत असाल, जत्रेला येत असाल, तर लिहा. कुठून चालता, काय आवडतं, काय खुपतं, कुठे खाता. कौतुकाइतकीच तक्रारही हवी आहे.

सुरुवात मीच करते.

मी राहते ते घर पूर्वीच्या गावठाणातलं आहे. खाली मालकीणबाई, वर आम्ही, जिना बाहेरून. लाकडी कठड्याची छोटी गॅलरी आहे आणि समोरच्याच्या गॅलरीत काय वाळत घातलंय ते हात लांब केला तर काढता येईल, इतकी गल्ली अरुंद. घर घेताना पुण्याच्या माझ्या मावशीने विचारलं होतं, "अगं, उजेड येतो का?" उजेड येतो, पण सकाळीच. दुपारनंतर दिवा लावावा लागतो. तरी मी इथून हलायला तयार नाही, कारण दाराबाहेर पाऊल टाकलं की मी रणवार या जुन्या वस्तीच्या चौकात. पाव घ्यायला, दूध आणायला, चपला शिवायला, औषधं आणायला, कशालाच रिक्षा लागत नाही. मुंबईत हे सुख किती जणांना आहे?

रणवारचा क्रूस माझा सगळ्यात आवडता. अशा क्रुसांपैकी बरेच १८९६च्या प्लेगनंतर लोकांनी उभारले, रोगापासून गाव वाचावं म्हणून. या गल्ल्यांमधून थोडं फिरलात तर दर वळणावर एक दिसेल, कुणाच्या भिंतीत, कुणाच्या अंगणात, एखादा अगदी रस्त्याच्या मधोमध. संध्याकाळी कुणीतरी मेणबत्ती लावतं. मे महिन्यात त्यांच्यासमोर जपमाळेची प्रार्थना होते, तेव्हा प्लास्टिकच्या खुर्च्या रस्त्यावर येतात आणि मोटारसायकलवाले मुकाट्याने इंजिन बंद करून ढकलत नेतात.

खुपणारी गोष्ट भिंतींवरच्या चित्रांशी जोडलेली आहे. चॅपल रोडवर कलाकारांनी रंगवलेल्या भिंती आहेत आणि मला त्या मनापासून आवडतात. पण सुट्टीच्या दिवशी फोटो काढायला येणारे लोक कुणाच्याही पायरीवर बसतात, उघड्या दारातून आत कॅमेरा धरतात. मालकीणबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांना स्वतःच्या ओट्यावर मटार सोलत बसायची चोरी झाली आहे. या, फोटो काढा, पण आधी विचारा. त्या नाही म्हणत नाहीत.

शेर्लीची, इथलीच

वाचून बरं वाटलं. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे ख्रिश्चन. बाहेरचे लोक आम्हाला गोव्याचे समजतात. आम्ही गोव्याचे नाही, इथलेच, मुंबईच्या साष्टी बेटाचे. घरात मराठीच बोलतो, आमच्या वळणाची. १८८७मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा आमच्या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, पण आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून इथे भात लावत होतो, मासे मारत होतो. वांद्रं म्हणजे मुळात पाखाड्या, म्हणजे छोट्या वाड्या: रणवार, शेर्ली, राजन, पाली, चिंबई, कांतवाडी, वारोडा. आज ज्या रस्त्यांवर लोक कॉफी पितात त्यातल्या बऱ्याच रस्त्यांची नावं याच पाखाड्यांची आहेत.

माझ्या लग्नात उंबराचं पाणी आणलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी भरायचं आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. आजी लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे होती. बँड वाजत होता, रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. माझ्या मुलीच्या लग्नात विहीर शोधावी लागली, कारण आमची बुजवली गेली. तरी शोधली आणि गेलो.

मे महिन्यात आमच्या गल्लीत अजून मसाला वाळतो, आमचा बॉटल मसाला. मिरच्या, धणे, तीळ, खसखस आणि कितीतरी जिन्नस. पूर्वी कुटायला बायका यायच्या, आता गिरणी. भरतो मात्र अजून काचेच्या बाटल्यांमध्येच, ठासून. तो वास आला की शेजारच्या इमारतीतले नवे भाडेकरू खिडक्या लावून घेतात. त्यांना माझं सांगणं आहे की खाली या, फुगे (आमचे तळलेले गोल पाव) आणि रस्सा खाऊन जा. दोघीजणी आल्या होत्या मागे. आता एक जण माझ्याकडे मसाला मागते.

आमच्या घराचं दुखणं वेगळं. जागा चार भावंडांच्या नावावर, त्यातले दोघे परदेशी. कौलं गळतात, दुरुस्तीला परवानगी आणि पैसे दोन्ही हवेत. बिल्डर दर महिन्याला येतो. मी अजून सही केलेली नाही. लोक म्हणतात जुनी घरं जपा. जपायला आम्हालाही आवडेल, पण तो खर्च एकट्या घरमालकावर टाकून कसं चालेल?

रोज सकाळी बँडस्टँडला

माझा थोडक्यात. वय ६८, बायपास झालेली. घरून हिल रोडने सरळ, सेंट अँड्र्यू चर्चवरून बँडस्टँड, तिथून किल्ला आणि परत. चर्च १५७५ सालचं, अंगणात कोरीव दगडी क्रूस उभा आहे, तो बघायला दोन मिनिटं थांबतोच. किल्ला पोर्तुगीजांचा, १६४० सालचा. नावातच अग्वाद आहे, म्हणजे जहाजांना गोडं पाणी मिळण्याचं ठिकाण. वर उभं राहिलं की सी लिंक पूर्ण दिसते. उन्हाळ्यात सातच्या आत परत फिरा. पावसाळ्यात भरती बघून जा. लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात आणि खडकांवर उतरणारी पोरं कधीकधी जीव गमावतात. खडकांवर उतरू नका, हे मी रोज कुणा ना कुणाला सांगतो.

मढहून, जत्रेला येणारी

आम्ही कोळी. आमच्यासाठी वांद्रं म्हणजे मोत माउली. तुम्ही माउंट मेरी म्हणता. ८ सप्टेंबरला तिचा सण, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. माझी सासू सांगते की मूर्ती समुद्रात कोळ्यांना सापडली. आजचं चर्च १९०४चं आहे, पण आमच्या घरातलं येणं त्याच्या आधीपासूनचं.

मेणाच्या वस्तू मिळतात वाहायला: हात, पाय, घर, बाळ. ज्याचं जे मागणं. माझ्या दिराची होडी वादळातून परत आली त्या वर्षी आम्ही होडी वाहिली. आमच्या पुढे रांगेत डोक्याला गजरा माळलेल्या गुजराती बाई होत्या, मागे एक मुसलमान कुटुंब. कुणी कुणाला काही विचारत नाही. परत येताना चणे आणि कडियो बोडियो हा गोड खाऊ घ्यायचा, पोरांना पाळण्यात बसवायचं. जत्रेच्या आठवड्यात रिक्षाच्या नादी लागू नका, वर जाणारे रस्ते बंद असतात. स्टेशनवरून चालत जा, सगळे चालतातच.

आणि चिंबईला जा. हिल रोडवरून दोन मिनिटं आत वळलात की कोळीवाडा. होड्या, जाळी, वाळत घातलेलं सुकट. नाकाला रुमाल लावून जाऊ नका एवढंच.

पूर्वेकडून

मी साहित्य सहवासाच्या शेजारी वाढलो. लेखकांची वसाहत, मागे कलानगर, पलीकडे सरकारी वसाहत. आमचं वांद्रं मराठी, मध्यमवर्गी, झाडांचं. रूळ ओलांडून पश्चिमेला जाणं म्हणजे लहानपणी सणच होता. बाबा तलावापर्यंत नेत, तिथून हिल रोडवर कपडे, मग बेकरीत मटण पॅटिस.

आज मला खटकतं ते पूर्व-पश्चिम चालणं. कागदावर अंतर किरकोळ, प्रत्यक्षात स्टेशनचा पूल, फेरीवाले, रिक्षांची रांग, तुंबलेला रस्ता. वांद्रे पश्चिम चालण्यासारखं आहे असं सगळे म्हणतात ते खरंच आहे, पण ते पश्चिमेच्या आत पोचल्यावर. रोज पूर्वेकडून स्वयंपाकाला, इस्त्रीला, पार्लरमध्ये कामाला जाणाऱ्या बायका चालतात ते अंतर कुणाच्या नकाशात नसतं. आमच्याकडे येणाऱ्या मावशी बेहरामपाड्यातून पाली हिलपर्यंत पायी जातात, बसचे पैसे वाचवायला. त्यांचाही अनुभव या धाग्यात असायला हवा म्हणून लिहिला.

पाली नाक्याजवळ, तीन मैत्रिणी एका फ्लॅटमध्ये

पूर्वेकडच्यांनी लिहिलंय ते पटलं.

आमचं भाडं पगाराचा मोठा हिस्सा खातं, हे आधीच सांगते. घर शोधताना एका दलालाने तोंडावर विचारलं, मित्र येणार का, किती वाजता घरी येता, नॉनव्हेज करता का. तीन अनोळखी पोरी म्हणजे सोसायटीला धोका वाटतो. शेवटी एका ख्रिश्चन आजींनी घर दिलं. अट एकच, त्यांच्या मांजरीला खाऊ घालायचं.

पण रात्री साडेदहाला पाली मार्केटपासून कार्टर रोडपर्यंत आम्ही एकट्या चालत जातो आणि भीती वाटत नाही. लोक असतात, दुकानं उघडी असतात, कुत्री फिरवणारे काका-काकू असतात. मी सोलापूरची. संध्याकाळी सातनंतर बाहेर पडायला कारण द्यावं लागायचं. इथे मी कारणाशिवाय बाहेर पडते, समुद्रापाशी बसते आणि परत येते. भाड्याचे पैसे मी याचेच देते असं मी आईला सांगितलं. ओहोटीला कार्टर रोडच्या तिवरांमध्ये बगळे उतरतात, त्यांचे फोटोही तिला पाठवते. ती आता विचारत नाही की एवढं महाग कशाला.

पुण्याहून प्रश्न

आई-बाबांना घेऊन एक दिवस यायचं आहे. आईचा गुडघा दुखतो. कुठून सुरुवात करू? फुटपाथ बरे आहेत का?

चॅपल रोडवरून उत्तर

फुटपाथ बरे नाहीत, खरं सांगते. हिल रोडवर दुकानांचा माल आणि फेरीवाले, आतल्या गल्ल्यांत फुटपाथच नाही. आईंना गल्ल्यांमध्ये सकाळी आठच्या आसपास न्या, रविवारी नको, चर्चमध्ये प्रार्थनेला येणाऱ्यांच्या गाड्या असतात. वारोडा रोडने रणवार, तिथून चॅपल रोड, माउंट कार्मेल चर्चपर्यंत. सगळं सपाट आहे. माउंट मेरीची चढण मात्र रिक्षाने करा, आणि तिथून बँडस्टँडला उतरायलाही रिक्षाच. बसायला बाक हवे असतील तर जॉगर्स पार्क, तिकडे समुद्राचा वारा आहे आणि मातीची वाट गुडघ्याला सोसते. १९९०मध्ये ते झालं, त्याआधी तिथे कचरा पडायचा.

दुपारी पुढे दादरला जायचं असेल तर लक्षात ठेवा, रिक्षा दादरपर्यंत जात नाही. लोकल घ्या, नाहीतर टॅक्सी.

शेर्लीची, पुन्हा

पुण्याच्या ताईंनी येताना कळवावं. आमच्या ओट्यावर सावली असते, आईंना बसता येईल. पाणी, चहा सगळं आहे. पायरी एकच आहे, तीही बुटकी.