अनुभव धागा : आपली मिरज–लोंढा लाईन आणि घरातली छोटी रेल्वे

टिळकवाडी, बेळगाव

मंडळी, रेल्वेचं मॉडेल करणारे आपल्या भागात मोजकेच, पण रेल्वे रोज बघणारे घरटी एक तरी सापडतील. दोघांनाही एकत्र बोलावतोय. मी माळ्यावर बेळगाव–देसूर–खानापूर हा तुकडा १:८७ प्रमाणात, म्हणजे एचओ स्केलमध्ये बांधायला घेतलाय. डबे-इंजिनं विकत मिळतील, पण आपल्या लाईनवरचं रोजचं जगणं तुमच्याकडूनच कळणार. मॉडेलमध्ये यायलाच हवी अशी, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट लिहा. ज्यांनी मॉडेल केलंय त्यांनी आपले प्रयोग लिहा.

माझ्याकडून पहिली गोष्ट म्हणजे गेट. बेळगावात पत्ता सांगताना पहिलं, दुसरं, तिसरं रेल्वे गेट असंच सांगतात. तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाला, नाव गेटच राहिलं. गेट पडलं की दोन्ही बाजूंच्या दुचाक्या अख्खा रस्ता भरून उभ्या राहतात, आणि गेट उघडलं की समोरासमोर येऊन अडतात. एवढं तरी हुबेहूब करणार आहे.

उद्यमबाग

मी फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने करतो. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून आमची पट्टीच वेगळी असते. बिडाच्या कामाला फुटामागे एक अष्टमांश इंच जास्त धरून तिच्यावर खुणा केलेल्या असतात. त्यामुळे स्केलचा हिशोब हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग.

तुम्ही एक ठरवलंय का? गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आपला ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा, पण बाजारात एचओचा रूळ मिळतो साडेसोळाचा. म्हणजे डबा बरोबर आणि त्याखालचा रूळ अरुंद. बहुतेक जण तसंच चालवतात आणि त्यात काही वावगं नाही. मला मात्र ते खटकतं. म्हणून मी जुनी लाईन निवडली. नव्वदच्या दशकात गेज बदललं, त्याआधी आपल्याकडे मीटर गेजच होतं. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा, आणि बारा मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. डोळ्याला फरक कळत नाही. सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांतून डबे केलेत. खिडकीच्या पट्ट्या पाऊण मिलिमीटरच्या काढल्या. रंधा उलटा धरून फळी त्याच्यावरून ओढली की कांद्याच्या सालीसारखी पट्टी सुटते. चाकं पितळेची, शेजारच्या शेडमधल्या लेथवर काढून घेतली.

खानापूर तालुका

माझे वडील कीमन होते. मॉडेलात स्टेशन मास्तर असतो, गार्ड असतो, कीमन कुणी ठेवत नाही, म्हणून लिहितेय. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन पहाटे निघायचे, जाताना एका रुळाच्या चाव्या, म्हणजे रूळ स्लीपरला घट्ट धरणाऱ्या पाचरी बघायच्या, येताना दुसऱ्या. सैल झालेली चावी हातोड्यानं ठोकून बसवायची. "नुसतं बघून चालत नाही गा, ठोकल्यावर आवाज ऐकावा लागतोय," असं नव्या पोराला सांगायचे. घट्ट चावीचा आवाज खणखणीत, सैल चावीचा बद्द. पावसाळ्यात गँगमधल्या लोकांची रात्रीची गस्त सुरू व्हायची. कंदील, लाल झेंडी आणि धोका दिसला तर ड्रायव्हरला सावध करायला रुळावर ठेवायचे फटाके घेऊन ते घोंगडी पांघरून निघत. आमच्या भागातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. गाडीतल्या लोकांना झोप लागायची ती या माणसांच्या जिवावर. तुमच्या मापात माणूस दोन सेंटिमीटरचा होईल ना? तेवढा एक रुळाकडेला ठेवाच. बाबांना फोटो दाखवीन.

शेडबाळ

मी रोज मिरजेला जाते. मिरजेकडे निघालेल्या सकाळच्या गाडीत एक्स-रेचा मोठा लिफाफा मांडीवर धरलेलं कुणी ना कुणी असतंच, कारण दवाखाना म्हटलं की आमच्याकडं मिरज. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. "सरका की ओ अक्का," म्हटलं की तिघांच्या बाकावर पाचवी मावते. आणि माघात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेचे दिवस बघून घ्या. एरवी न थांबणाऱ्या काही गाड्यांनाही तेव्हा चिंचलीत थांबा मिळतो आणि भंडारा लावलेल्या कपाळांनी फलाट पिवळा होतो.

लोंढा

घाटाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून! लोंढ्यापुढं गोव्याकडच्या लाईनवर कुळे ते कॅसल रॉक चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. कोळशाची मालगाडी वर येताना मागून बँकर इंजिनं ढकलत असतात, आणि पावसात धुकं असेल तर गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज छातीत जाणवतो.

तोच चढ मी थर्माकोलच्या डोंगरावर केलाय. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला आठ सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे ३७ ला १ नं चढायचं तर जवळजवळ तीन मीटर लांबी. सहा डब्यांची गाडी चढेना, चाकं जागच्या जागी फिरत राहिली, तेव्हा मीही मागं दुसरं इंजिन लावलं. दोन्ही इंजिनांचा वेग जुळलेला हवा. मागचं जास्त पळालं तर वळणावर मधले डबे उचलून रुळाबाहेर पडतात. आधी दोन्ही इंजिनं सुटी, रिकाम्या रुळावर एकामागे एक पळवून बघा. अंतर तेवढंच राहिलं तर जोडी जमली.

शहापूर, बेळगाव

आमच्याकडे मॉडेल वगैरे नाही, पण दिवाळीचा किल्ला आहे. लेकानं राजहंसगड केला, शेतातली माती आणून, वर आळीव पेरून. मग बॅटरीची आगगाडी मागितली. सासरे म्हणाले, महाराजांच्या काळात कुठली आगगाडी? पोरगा म्हणाला, "आजोबा, गड तेव्हाचा, पण बघाय येणारी माणसं आत्ताची हाईत की." गडाच्या पंचक्रोशीत देसूर स्टेशन आहेच. मग सासऱ्यांनीच काडेपेटीचं स्टेशन करून दिलं आणि पाटीवर कन्नड, हिंदी, इंग्रजी तिन्ही नावं घातली. आळीव उगवून रुळावर आलं की रोज सकाळी कात्रीनं कापायचं काम त्यांचंच. पुण्यात कोथरूडला जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, मेच्या सुट्टीत दोघांना तिथं नेणार आहे.

टिळकवाडी, बेळगाव

खानापूरच्या ताई, कीमन नक्की. बाबांच्या हातोड्याचा दांडा केवढा असायचा आणि पाना कुठल्या खांद्यावर, तेवढं विचारून कळवा. लोंढेकर, इथल्या दमट हवेत रूळ काळे पडून इंजिन अडखळतं, त्याला काय करता?

लोंढा

आयसोप्रोपिल अल्कोहोल. सुती कापडावर घेऊन रूळ पुसा, चाकंही विसरू नका. सँडपेपर अजिबात नको, ओरखड्यांत काळं परत बसतं. आणि खालचं प्लायवूड मरीनच घ्या, साधं आपल्या पावसात फुगतं.

उद्यमबाग

प्लायच्या कडांनाही सीलर मारा, पाणी तिथूनच शिरतं. आणि टिळकवाडीकर, कीमनचं माप आलं की मला पाठवा. हातोडा पितळेत काढून देतो.