एलिक्झिर : दोन जेनसर्व्हर एकमेकांची वाट बघत अडकले

प्रश्न
नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या दूध संकलन केंद्रांसाठी मी एकटाच एलिक्झिर या प्रोग्रामिंग भाषेत सॉफ्टवेअर लिहितोय. प्रत्येक केंद्राचा एक जेनसर्व्हर (निरोप एकेक करून हाताळणारी स्वतंत्र प्रोसेस), आणि दुधातल्या फॅट-एसएनएफवरून (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) दर सांगणारा एक वेगळा, म्हणजे दर-प्रोसेस. माप झालं की केंद्र नोंद टाकतं आणि दर-प्रोसेसला कॉल करतं, म्हणजे निरोप पाठवून उत्तरासाठी थांबतं. दरपत्रक बदललं की दर-प्रोसेस एकेका केंद्राला कॉल करून कळवते. टेस्टमध्ये कधी अडलं नाही. काल सकाळी साडेसहाला, ऐन गर्दीत दरपत्रक बदललं आणि ५ सेकंदांत दोघंही पडले. सुपरवायझरने (पडलेल्या प्रोसेस पुन्हा सुरू करणाऱ्या प्रोसेसने) उठवलं खरं, पण पावती निघाली नाही म्हणून ऑपरेटरने पुन्हा बटण दाबलं आणि एका आजींचं ४ लिटर दूध दोनदा चढलं. लोकांच्या पैशाचा हिशेब आहे, झोप लागत नाही.

प्रतिसाद १
कॉलचा टाइमआउट (उत्तरासाठी थांबण्याची मुदत) इन्फिनिटी, म्हणजे अमर्याद, करून बघा.

प्रतिसाद २
कृपया ते करू नका, मग दोघं कायमचेच अडकतील. केंद्र दराच्या उत्तरासाठी थांबलंय, तेवढ्यात दराने केंद्राला कॉल केला. कॉलचं उत्तर येईपर्यंत जेनसर्व्हर मेलबॉक्समधला पुढचा निरोप हातात घेत नाही. ५ सेकंद ही कॉलची ठरलेली मुदत. टेस्टमध्ये माप आणि दरबदल एका क्षणी आले नसतील, म्हणून दिसलं नाही. कॉल एकाच दिशेने जाऊ द्या : केंद्राकडून दराकडे. उलट दिशेला कास्ट, म्हणजे निरोप टाकायचा पण उत्तरासाठी थांबायचं नाही.

प्रतिसाद ३
वरच्यांशी सहमत, पण मी दराला विचारणंच बंद करेन. एर्लांग (एलिक्झिर ज्यावर उभं आहे ती भाषा) १९८६ च्या सुमारास एरिक्सनमध्ये सुरू झालं ते टेलिफोन एक्स्चेंजसाठी. एक फोन तुटला तरी बाकीचे चालू राहावेत म्हणून प्रोसेस वेगवेगळ्या. तुमची केंद्रं वेगळी आहेत, दर-प्रोसेस मात्र सगळ्यांत एकच, म्हणजे रांग तिथेच लागणार. दरपत्रक ईटीएस टेबलात (मेमरीतलं, सगळ्या प्रोसेसना वाचता येणारं टेबल) ठेवा, केंद्रं थेट वाचतील. दुबार नोंदीचं दुखणं वेगळं आहे, ते कास्टने जाणार नाही. माप घेतानाच क्रमांक द्या, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेतला जाणार नाही. मग बटण दहादा दाबलं तरी नोंद एकच.

प्रश्नकर्ता
दोन्ही केलं. आज सकाळी मुद्दाम गर्दीतच दरपत्रक बदललं, एकही केंद्र अडलं नाही. आजींची जास्तीची नोंद सचिवांसमोर काढली. एक राहिलं : दर-प्रोसेस पडली की टेबलही जातं.

प्रतिसाद ३
टेबल बनवणारी प्रोसेस मेली की ते जाणारच. मालकी अशा प्रोसेसकडे द्या जी टेबल धरून बसण्यापलीकडे काहीच करत नाही. लिहिण्याचं काम दर-प्रोसेसकडे राहू दे, टेबल पब्लिक ठेवा, म्हणजे मालक नसलेल्या प्रोसेसलाही त्यात लिहिता येईल.