‘संकलक’ नेमका कोण?

विचारणा

पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. सी भाषेतला प्रोग्राम मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलायला हवा असेल, तर तो बांधताना कंपाइलरला आणि लिंकरला कोणत्या सेटिंग द्यायच्या, त्या शोधायच्या कुठे, एवढाच धडा. कंपाइलर म्हणजे ‘संकलक’ हे ठाऊक आहे. लिंकरला आणि फ्लॅगला, म्हणजे या सेटिंगना, काय म्हणू? एका सहकाऱ्यानं ‘दुवाकर्ता ध्वज’ सुचवलंय, तेव्हापासून लेखणी अडली आहे.

प्रतिसाद

ध्वज तेवढा पंधरा ऑगस्टला राहू द्या. पण मला मुळात ‘संकलक’च खटकतो, कारण तो चुकीच्या माणसाला चिकटलाय.

अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२च्या सुमारास युनिव्हॅक संगणकासाठी ए-० नावाचा प्रोग्राम तयार केला आणि त्याला कंपाइलर म्हटलं. तो करायचा काय? टेपवर आधीच लिहून ठेवलेले उपप्रोग्राम क्रमांकावरून हुडकायचा आणि एकत्र आणून त्यांचा एक प्रोग्राम करायचा. म्हणजे खरोखरीचं संकलन! आजचा कंपाइलर गोळा काही करत नाही. एक फाईल घेतो नि तिचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. सुटे तुकडे आणि लायब्रऱ्या (आधीच लिहून ठेवलेल्या कोडचे संग्रह) जमवून एकत्र बसवण्याचं काम लिंकरचं. मराठी सिनेमाच्या श्रेयनामावलीत ‘संकलन’ कुणाच्या नावापुढे येतं बघा. चित्रीकरण झालेले तुकडे जोडणाऱ्याच्या. तेव्हा न्यायानं पाहिलं तर संकलक हा लिंकर, आणि कंपाइलर झाला रूपांतरक. अर्थात आता हे कुणी बदलणार नाही.

प्रतिसाद

आयटीआयवाल्यांना विचारलंत का? तिथे फिटरला जोडारी म्हणतात आणि वेल्डरला संधाता. दोन्ही शब्द तुमच्या कामाचे आहेत. लायब्ररी स्टॅटिक जोडली की तिचे लागतील ते भाग प्रोग्रामच्या अंगातच जातात, वेल्डिंग मारल्यासारखे. डायनॅमिक जोडली की नटबोल्टचा मामला: लायब्ररी बाहेरच राहते आणि प्रोग्राम सुरू होताना शोधली जाते. म्हणून तर बांधताना सगळं सुरळीत आणि चालवताना ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल उघडता येत नाही’ हे रडगाणं. नट आहे, बोल्ट दुसऱ्याच कपाटात. मी वर्गात लिंकरला सरळ जोडारी म्हणतो. पोरं हसतात, पण विसरत नाहीत.

विचारणा

जोडारी आवडला. फ्लॅगचं काय?

प्रतिसाद

‘शेरा’. फाईल पुढे सरकवताना कारकून समासात लिहितो ना, तसा. मायनस कॅपिटल आय हा कंपाइलरसाठी शेरा: हेडर फायली (लायब्ररीत काय काय आहे ते सांगणाऱ्या) या रस्त्यावर पाहाव्यात. मायनस कॅपिटल एल लिंकरसाठी: लायब्रऱ्या या कपाटात शोधाव्यात. मायनस स्मॉल एल आणि त्याला चिकटून नाव: हीच लायब्ररी घ्यावी. नावातलं सुरुवातीचं ‘लिब’ गाळायचं, नाहीतर तो ‘लिबलिब’ शोधत बसतो.

हे शेरे पाठ करायचे नसतात, विचारून घ्यायचे असतात. मायएसक्यूएलबरोबर मायएसक्यूएल-कॉन्फिग नावाची छोटी स्क्रिप्ट येते (कॉन्फिगच्या आधी डॅश नव्हे, अंडरस्कोअर). तिला ‘सीफ्लॅग्ज’ विचारा, कंपाइलरचे शेरे देते. ‘लिब्ज’ विचारा, जोडाऱ्याचे देते. ते उत्तर थेट जीसीसी या कंपाइलरच्या आज्ञेच्या ओळीत ओतायचं. पण लिब्ज ओळीच्या शेवटी! जोडारी डावीकडून उजवीकडे वाचत जातो. तुमची फाईल यायच्या आत स्टॅटिक लायब्ररी समोर आली, तर ‘हिच्याकडे कुणी काही मागितलेलंच नाही’ म्हणून पुढे जातो आणि मग ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (मागितलेलं कुठे सापडत नाही) म्हणून बोंब मारतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे. शेरे सगळे बरोबर होते, फक्त रांग चुकली होती.

प्रतिसाद

वरच्या उत्तराला पुरवणी. पोस्टग्रेसची पीजी-कॉन्फिग (इथेही अंडरस्कोअरच) हीच चाल खेळत नाही. तिला ‘लिब्ज’ विचारलं तर पोस्टग्रेस स्वतः बांधताना जे वापरलं होतं ते सांगते. तुमच्या प्रोग्रामला लागणारी लिबपीक्यू, म्हणजे पोस्टग्रेसशी बोलायची लायब्ररी, त्यात नसते. म्हणजे शेजाऱ्याला ‘भाजीला काय आणू’ विचारावं आणि त्यानं आपल्या घरी काल काय शिजलं ते सांगावं! तिच्याकडून फक्त हेडरची आणि लायब्ररीची जागा विचारून घ्या (इन्क्लूडडिर, लिबडिर) आणि मायनस स्मॉल एल पीक्यू हाताने लिहा. नाहीतर पीकेजी-कॉन्फिगला (कुठल्याही लायब्ररीचे शेरे सांगणारं साधन) लिबपीक्यूबद्दल विचारा. पोस्टग्रेस ९.३पासून, म्हणजे २०१३पासून, ती सोय आहे.

आणि ‘पीजी-कॉन्फिग सापडत नाही’ आलं तर शब्दाचा नाही, पॅकेजचा घोटाळा समजा. डेबियन-उबुंटू या लिनक्सवर लिबपीक्यू-डेव्ह हे प्रोग्राम बांधणाऱ्यांसाठीचं पॅकेज टाकावं लागतं. नुसता सर्व्हर असून भागत नाही.

विचारणा

शेरा आणि जोडारी घेतले. ‘संकलक’ खोडून कंपाइलरच ठेवला, सिनेमाचा दाखला मात्र समासात लिहिलाय. पोस्टग्रेसचं उदाहरण लॅबमध्ये पहिल्या फटक्यात चाललं. मायएसक्यूएलचं अडकलंय: तीस मशीन्स, एकावरही त्याचं डेव्ह पॅकेज नाही, आणि पासवर्ड ज्यांच्याकडे आहे ते रजेवर.