मंडळीतल्या मुलीचं प्रभुभोजन बंद करायचं म्हणतात, पंचांपुढे काय बोलू?

महिला समाज, दारव्हा तालुका
सर्वांना सलाम. आमची खेड्यातली लहान ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च. उपासनेत पेटी वाजवणारी पोरगी, वय 24. कापूस वेचताना मला म्हणाली, "काकू, मला पोरगीच आवडते. लग्नाला हो म्हणवत नाही." हात चालू होते, पण कापूस ओटीत न पडता मातीत पडत होता. आता गोष्ट फुटली. मंडळीचे पंच म्हणतात पेटी बंद, प्रभुभोजन (उपासनेत भाकर-द्राक्षरस घेणं) बंद, उपास-प्रार्थनेला नेऊन 'ते' काढू. आई घाईघाईनं स्थळं पाहते. ही पोरगी मंडळीतून तुटायला नको.

निवृत्त पाळक, अचलपूर
बाई, कोणाला किती सांगायचं ते आधी तिलाच विचारा. प्रार्थनेच्या विनंतीतही तिचं नाव नको. "प्रार्थनेत ठेवा" म्हणत आपल्याकडे गावभर होतं. शास्त्राच्या अर्थावर मंडळ्यांत मतभेद आहेत, पण मुलीनं मन उघड केलं म्हणून तिला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवणं मला मान्य नाही. व्याजानं नाडणाऱ्यांना आपण तिथं कधी अडवलं? पंच ऐकत नसतील तर नागपूरला नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या देशातल्या मंडळ्यांच्या संघटनेच्या कार्यालयाशी बोला. या विषयावर मंडळ्यांशी बोलायचं काम ते करतात.

नर्स, पुसद
उपाशी ठेवून प्रार्थना करतात तिथं तिला मुळीच नेऊ देऊ नका. हा आजार नाही, असं मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं 2018 मध्येच सांगितलं. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचं ते गैरवर्तन ठरतं, हे नॅशनल मेडिकल कमिशननं 2022 मध्ये कळवलंय. 6 सप्टेंबर 2018 पासून असे संबंध हा गुन्हाही नाही. पोरगी सज्ञान आहे, लग्नाची जबरदस्ती चालत नाही. जेवण-झोप तुटली, मरणाचं बोलू लागली, तर टेलीमानस 14416 ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे.

वर्ध्याकडचा, आता नागपूर
मी कॅथलिक, आणि तिच्यासारखाच. आमची शिकवण अशा संबंधांना मान्यता देत नाही, ते मला आजही खुपतं. पण कॅटेकिझम या आमच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, परिच्छेद 2358 मध्ये, आम्हाला आदरानं वागवा, अन्याय्य भेदभाव नको, असंही लिहिलंय. आमच्या फादरनी उपदेश केला नाही, नाताळची गव्हाण करायचं काम माझ्याकडेच ठेवलं. त्यामुळे मी टिकलो. काकू, तिचं काम काढू देऊ नका.

महिला समाज, दारव्हा तालुका
तिला विचारलं. म्हणते, पंचांच्या आधी आईशी बोला. आज संध्याकाळी जाते. त्या नंबरवर आईनं फोन केला तर चालतो का?

नर्स, पुसद
चालतो. मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा.