वारंवार तोंड येणे आणि प्रतिकारशक्ती
वारंवार तोंड येणे हे प्रतिकारशक्ती कमी झाल्याचे लक्षण असून ती वाढवणारी औषधे घ्यावीत, असा सल्ला दिला जातो. त्यात थोडी भर घालणे मला आवश्यक वाटते. अशा व्रणांमध्ये प्रतिकारशक्ती बहुधा दुबळी नसते, तर ती स्वतःच्याच तोंडातील नाजूक अस्तरावर उलटलेली असते. टी-पेशी (प्रतिकारशक्तीचे काम करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) त्या अस्तराला लक्ष्य करतात, टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी द्रव्ये तेथे स्रवतात आणि अस्तराचा तेवढा भाग नष्ट होऊन पिवळसर तळाचा, लाल कडेचा व्रण तयार होतो. दाह शमवणारे, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे, स्टेरॉइडचे मलम येथे गुणकारी ठरते ते याचमुळे.

आनुवंशिकता, मानसिक ताण, गालाचा चावा अशी निमित्ते असतातच. परंतु लोह, फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही यामागे असू शकते, म्हणून टॉनिकांआधी रक्ततपासणी करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. लहान व्रण साधारणपणे ७ ते १४ दिवसांत भरून येतात. ३ आठवड्यांहून अधिक टिकलेला व्रण मात्र, दुखत नसला तरी, डॉक्टरांना दाखवावाच. सोबत डोळे लाल होत असतील किंवा जननेंद्रियांवरही व्रण येत असतील, तर तेही त्यांना आवर्जून सांगावे.